शेवटचं मूल जाईपर्यंत

“शेवटचं मूल जाईपर्यंत पेनाचं टोपण काढायचं नाही. कळलं का गं?”

मोठ्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा वही त्यांच्या हातात होती आणि हॉलची किल्ली माझ्या. तेवीस वर्षं त्यांनी आमचं स्काऊट पथक चालवलं होतं. आता गुडघे ऐकेनात म्हणून त्या ते माझ्यावर सोपवत होत्या. मी म्हटलं, “हो बाई.”

“हो म्हणायला काय जातंय,” त्या म्हणाल्या. “एखाद्या गुरुवारी तुझा पाय घराकडे ओढेल. एकच मूल उरलेलं असेल आणि तेही शहाणं, गुणी. तेव्हा आठवण ठेव.”

त्यांच्या माघारी सात वर्षं मी ती आठवण ठेवली. आठव्या वर्षी नाही ठेवली. ते झालं कसं, तेवढंच लिहायचं आहे.

आमचा हॉल वाचनालयाच्या मागे आहे. लांबट, उंच खिडक्यांचा, एका कोपऱ्यात घडीच्या खुर्च्या रचलेल्या. दर गुरुवारी पाच ते साडेसहा तिथे आठ ते बारा वर्षांची बावीस मुलंमुली जमतात. गाठी, नकाशे, होकायंत्र, मलमपट्टी, आणि मधल्या वेळात मनसोक्त आरडाओरडा. मोठी माणसं आम्ही दोघं, मी आणि शिंपीकाका. काकांचं दुकान रस्त्याच्या पलीकडे. शिवताना बोटात घातलेलं लोखंडी अंगुस्तान काढायचं विसरून ते तसेच हॉलवर यायचे आणि मग दोरीच्या गाठी शिकवताना ते खुर्चीवर टकटक वाजायचं. एखादं पोर दोरी हिसकायला लागलं की म्हणायचे, “ओढू नकोस बाळा. तिला विचार, कुठे जायचंय ते.” पोरं खरंच दोरीला विचारायची.

पथकाचे नियम पुष्कळ आहेत, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच. कुठल्याही मोठ्या माणसानं कुठल्याही मुलाबरोबर एकटं राहायचं नाही. दार उघडं, आणि मोठे दोघं. एकाला जायचं असेल तर मुलं आधी जातील, मग तो. हजेरीवहीत दर गुरुवारी शेवटची एक ओळ असते. वेळ, सर्व मुलं घरच्यांच्या ताब्यात दिली, आम्ही दोघे हजर. आणि खाली दोन सह्या.

आता माझ्या नेमाबद्दल. दिवस मावळला की घरी दिवा लावायचा, मग माळ, आणि माळ पुरी होईपर्यंत ना बोलायचं ना पाणी प्यायचं. एकोणीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. आजारपणातही नाही. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, “अर्ध्या शहराची घड्याळं माझ्या हातावर चालतात आणि माझं घर हिच्या वातीवर.” मी हसून सोडून देते.

आधी या दोहोंचा कधी झगडा नव्हता. चारला जमून साडेपाचला पोरं जायची, मी रमतगमत घरी पोचायचे, तरी ऊन भिंतीवर असायचं. पण त्या वर्षी हिवाळ्याआधी वाचनालयानं आमची चारची वेळ पाचवर नेली. दिवस आखडत चालले. सहा वाजले की खिडक्यांतला उजेड उतरायला लागायचा आणि माझा जीव वर-खाली.

पहिल्यांदा काकाच म्हणाले, “जा तुम्ही. दोन तर पोरं राहिलीत, त्यांचे बाप दारात दिसतायत.” खरंच दिसत होते. मी सही केली आणि निघाले. पुढच्या गुरुवारी तीन पोरं होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी विचारलंसुद्धा नाही. सही करताना वेळही लिहून टाकायची, साडेसहा. वाजणारच आहेत की साडेसहा, असं मनाला सांगून. खोटं लिहितेय असं वाटलंच नाही, कारण जे व्हायचं होतं तेच मी थोडं आधी लिहीत होते. महिनाभरात ती आमची रीतच होऊन गेली.

पथकात एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. प्रत्येक गोष्टीत शेवटची. बुटाची नाडी बांधायला लागली की बाकीच्यांचा एक खेळ खेळून व्हायचा. पोरांनी तिचं नाव ठेवलं गोगलगाय. रडेल असं वाटलं होतं, तर तिनं काकांकडे जाऊन आपल्या पिशवीवर पिवळ्या दोऱ्याची गोगलगाय भरून घेतली. आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. सहाला सुटायची आणि धापा टाकत साडेसहाच्या आत पोचायची. अंगाला गरम चादरींचा वास.

त्या गुरुवारी धुलाईघरातलं एक यंत्र अडकलं. सगळ्यांना थांबवून घेतलं, तिची बस चुकली. हे मला मागाहून कळलं. मी सहा वाजून पाच मिनिटांनी सही करून निघाले होते. जाताना गोगलगाय नाडी बांधत होती. म्हणाली, “ताई, थांबा ना, मी दोन्ही फास एकदम करून दाखवते.” मी म्हटलं, “पुढच्या गुरुवारी हं, नक्की.” आणि सव्वासहाला माझा दिवा लागला. त्या दिवशी माळ फार छान झाली. मन जरासुद्धा हललं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

सोमवारी जिल्हा कार्यालयातून मॅडमचा फोन आला. मुलांच्या सुरक्षिततेचं काम त्यांच्याकडे असतं. मंगळवारी चारला हॉलवर या म्हणाल्या, काकांनाही आणा, वही आणा.

मॅडम चाळिशीच्या, आवाज वाढवायची सवय नसलेल्या. वही उघडून त्यांनी ती ओळ वाचली. “साडेसहा. सर्व मुलं घरच्यांच्या ताब्यात. दोघे हजर.” मग वही तशीच उघडी ठेवून म्हणाल्या, “एक मुलगी त्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांपर्यंत शिंपीकाकांच्या दुकानात होती. शटर अर्धं खाली होतं. रस्त्यावरच्या एका व्यक्तीनं पाहिलं आणि आम्हाला फोन केला.”

वाचनालयाचा शिपाई साडेसहाला कुलूप लावतो, त्यात सूट नाही. काकांनी पोरीला रस्त्यावर उभं करण्यापेक्षा दुकानात नेलं असणार. पण वहीप्रमाणे पोर साडेसहाला आईकडे गेली होती. म्हणजे मग ती दुकानात आली कुठून? माझी ती सही आता काकांच्या विरुद्ध उभी होती. मी थांबले होते असं मानलं, तर काकांनी सगळं संपल्यावर पोरीला वेगळं गाठून नेलं असाच अर्थ निघत होता.

“काका,” मॅडमनी विचारलं, “काय झालं ते सांगा.”

काका अंगुस्तान फिरवत बसले होते. “चुकलं माझं,” ते म्हणाले.

“काय चुकलं?”

“तिला न्यायला नको होतं. आईला उशीर झाला, बाहेर गारठा होता. चुकलं.”

“तेव्हा ताई होत्या तुमच्याबरोबर?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. “त्यांची सही आहे ना,” ते म्हणाले.

मॅडमनी मग माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. मी तोंड उघडलं असतं तर चार शब्दांचं काम होतं. मी सहाला निघून गेले. पण मी वहीकडे बघत राहिले. एकोणीस वर्षांत माझ्या नेमाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मला वाटलं, बोलले तर आता माझा दिवाच त्या टेबलावर येईल, वहीशेजारी.

“चौकशी होईपर्यंत काकांनी पथकात यायचं नाही,” मॅडम म्हणाल्या. “मुलांशी बोलायचं नाही. हे शिक्षा म्हणून नाही, पद्धत म्हणून.”

काका उठले. दाराशी त्यांनी कोपऱ्यातल्या खोक्यात दोऱ्या नीट आहेत ना ते पाहिलं, एक लोंबणारी आत टाकली, आणि गेले.

घरी आले. दिवा लावला. माळ हातात घेतली आणि तिसऱ्या मण्याशी अडकले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिसऱ्याशीच. समोर ज्योत स्थिर होती आणि मला काकांचा खोका दिसत होता. किती वेळ गेला कोण जाणे. यांनी खोलीत डोकावलं. मी माळ चालू असताना हे कधी बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले.

“थांबलीये का ती?”

मी मान हलवली. मग नेम मोडून बोलले, सगळं सांगितलं. पहिल्यांदाच माळ अर्धी ठेवून.

हे खुर्चीवर बसून ऐकत राहिले. मला वाटलं समजूत काढतील. म्हणाले, “एखादं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं ना, त्याचा मालक माझ्याकडे येत नाही. त्याला वाटतं आपण सगळीकडे वेळेवर पोचतोय.”

“टोमणा मारताय.”

“मारतोय,” ते म्हणाले. “चहा ठेवू?”

“माळ झाली नाही माझी.”

“तेच म्हटलं मी.” आणि ते चहा ठेवायला गेले, स्वतःपुरता.

बुधवारी सकाळी साडेनऊला मी जिल्हा कार्यालयाच्या बाकावर होते. मॅडमचं जाकीट अजून खांद्यावर होतं. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्या दिवशी सहा पाचला गेले. साडेसहा आधीच लिहून ठेवले. एकदा नाही, पाच आठवडे. काकांनी मला वाचवायला तोंड मिटून घेतलं. शेवटी म्हटलं, “काकांची मला पूर्ण खात्री आहे मॅडम. देवमाणूस आहेत.”

मॅडमनी मला बसायला सांगितलं. “काल मी तुमच्याकडे तीनदा पाहिलं,” त्या म्हणाल्या.

“हो. कळलं होतं मला.”

“आज आलात, ठीक. पण एक सांगते, राग मानू नका. तुमची खात्री मला उपयोगाची नाही. ज्या ज्या पथकात काही वाईट झालं, तिथे प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मला सांगितलंय, त्यांची पूर्ण खात्री होती म्हणून. मला तुमची खात्री नको होती. तुम्ही खोलीत हव्या होतात.”

 

“काका चांगले असतील,” त्या पुढे म्हणाल्या, आवाज जरा खाली आणून. “मलाही तसंच वाटतंय. पण चांगल्या माणसाचं चांगुलपण सिद्ध करायला दुसरं माणूस लागतं. ते तुम्ही होतात. तुम्ही गेलात आणि त्यांना उघड्यावर टाकून गेलात. आणि मुलीला पण.”

निघताना मी विचारलं, “पोरीला काही…”

“तिच्याशी बोललोय आम्ही, आईसमोर. ती काय बोलली ते तुम्हाला सांगणार नाही. ते तिचं आहे.” मग जाकीट काढून खुर्चीला लावत म्हणाल्या, “नीट झोपते म्हणाली आई. एवढं ऐकून जा.”

तीन आठवडे चौकशी चालली. तेवढे दिवस पथक बंद, आणि नंतरही नवी व्यवस्था लागेपर्यंत. पत्र आलं त्यात काकांवर काही ठपका नव्हता. एकट्यानं मूल नेऊ नये, अशा वेळी कार्यालयाला फोन करावा, अशी समज होती. माझं नेतेपद सहा महिन्यांसाठी काढलं होतं. सही करता येणार नाही, किल्ली बाळगता येणार नाही. प्रशिक्षण पुन्हा घ्यायचं. ते झाल्यावर पथकप्रमुखाच्या हाताखाली दुसरं मोठं माणूस म्हणून बसता येईल. नवी प्रमुख म्हणून औषधाच्या दुकानातली मुलगी नेमली होती, वय सव्वीस, लहानपणी आमच्याच पथकातली. तिला गाठी काकांनीच शिकवल्या होत्या.

प्रशिक्षणाला मी गेले. माझ्या शेजारी विशीतली पोरं. शिकवणारा म्हणाला, “ताई, तुम्हाला हे सगळं माहीतच असेल.” मी म्हटलं, “माहीत होतं. म्हणूनच आलेय.”

त्यानंतर दोन दारांत जायचं होतं. आधी बेकरी.

फोन बेकरीवाल्या बाईंनी केला होता, हे त्यांनीच रस्त्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. सुरुवातीचे आठ दिवस मी त्यांच्या दारावरून मान वळवून जात होते. वळवता वळवता एकदा दाराच्या काचेवर नजर गेली. ‘मुलांच्या बाबतीत काही खटकलं तर या क्रमांकावर सांगा.’ पथकाचा कागद. चारही कोपरे मीच चिकटवले होते, दोन वर्षांपूर्वी.

मी पाव मागितला. त्या पाव बांधत म्हणाल्या, “माझ्यावर रागावला असाल.”

“रागावले होते.”

“काका बाहेर पायरीवर बसले होते, हेसुद्धा सांगितलं मी फोनवर. गारठ्यात, हात काखेत घालून. पोर आत दिव्याखाली. शटर वाऱ्यासाठी ओढलं असणार. पण मला कळेना, पोर एकटी का, बाई कुठेयत. कळेना म्हणून केला फोन. कळत असतं तर कशाला केला असता?”

“बरं केलंत,” मी म्हटलं. “पुन्हा असं दिसलं तर पुन्हा करा. मी असले तरी करा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थट्टा तर नाही ना म्हणून. मग पिशवीत एक पाव जास्तीचा टाकला. “कालचा आहे,” म्हणाल्या, “मिस्टरांना भाजून द्या.”

काका यंत्रावर वाकून पँटची दुमड घालत होते. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी आत गेले आणि शटर पूर्ण वर ढकललं. ते हसले, पण नेहमीसारखे नाही.

“पायरीवर का बसलात?” मी विचारलं.

“मग काय, आत बसू? दोन मोठे नाहीत.” त्यांनी दोरा तोडला. “निदान रस्ता तरी दुसरा मोठा, म्हटलं.”

“आणि मॅडमसमोर का नाही बोललात? मी नव्हते हे सांगायचं ना.”

“तुमचं देवाचं होतं. त्यात मी कुठे बोट घालू.”

“काका, देवाचं नव्हतं ते. देवानं कधी साडेसहा लिहून ठेव म्हणून सांगितलं नव्हतं. माझं होतं.”

त्यांनी कापड उलटवून घेतलं. मग म्हणाले, “दोन घरांनी कपडे परत नेले. शिवायला टाकलेले, तसेच. कारण नाही सांगितलं. पत्र आल्यावर एक परत आलं. एक नाही आलं.” हे त्यांनी मापं सांगावीत तसं सांगितलं. “बायको म्हणते, आता पुरे झालं पथक.”

“तुम्ही काय म्हणता?”

“मी म्हणतो, त्या पोरीला दुहेरी गाठ अजून येत नाही.”

त्यांच्याकडे काही मागायचा मला हक्क नव्हता, म्हणून मागितलं नाही. त्यांनीच अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “येईन मी. तुम्ही शेवटपर्यंत असाल तर. औषधवाली पोर गुणी आहे, पण तिला औषधाचं दुकान बंद करायला जावं लागलं, कुणी बोलावलं, की पुन्हा मी आणि एक मूल. मला नाही जमणार आता ते. छाती होत नाही.”

“शेवटचं मूल जाईपर्यंत मी असेन.”

“अंधार पडला तरी?”

“पडला तरी.”

“आणि दिवा?”

“दिवा माझा आहे,” मी म्हटलं, “मी बघेन.”

हे बोलणं सोपं गेलं नाही. त्या रात्री एकोणीस वर्षांचा हिशोब डोळ्यांपुढून गेला. आजारपणं, पाहुणे, एकदा तर ताप चढलेला असताना भिंत धरून लावलेला दिवा. मला वाटायचं, हे सगळं मी देवापायी केलं. त्यातलं किती माझ्यापायी होतं, कुणास ठाऊक. नेम सोडायचा नव्हता मला. पण नेम कुणाला उघड्यावर ठेवून पाळायचा नाही, एवढं त्यात वाढवायचं होतं. देवाला विचारलं. तो नेहमीप्रमाणे काही बोलला नाही, पण माळ त्या दिवशी पुरी झाली.

आज गुरुवार. पथक पुन्हा सुरू होतंय.

दुपारीच मी समई घासली, तेल घातलं, नवी वात वळून ठेवली, काड्यांची पेटी शेजारी. हे भिंगातून एका घड्याळाच्या पोटात बघत होते. म्हणाले, “मी लावू का सहाला? तू येईपर्यंत.”

“नको. मी आल्यावर लावीन.”

“कुणाला न्यायला उशीर झाला तर आठ वाजतील.”

“वाजू देत.”

त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. काहीतरी टोमणा तयार होता, तोंडावर दिसत होता. तो त्यांनी गिळला आणि म्हणाले, “मग मीही तोवर जेवत नाही. सोबत.”

“तुम्हाला कुणी सांगितलंय?”

“माझंही घर वातीवर चालतं ना.”

मी शाल घेतली. पिशवीत विजेरी, पाण्याची बाटली आणि गोगलगायीसाठी दोन हात लांबीची दोरी टाकली. तिला पुढच्या गुरुवारी नक्की म्हटलं होतं, त्याला दोन महिने होत आले. पिशवीच्या खणात माझं पेन होतं, सवयीनं. सही करायची नाही अजून पाच महिने. ते काढलं, समईच्या बाजूला काड्यांच्या पेटीशेजारी ठेवलं, टोपण घट्ट आहे ना ते पाहिलं.

जिन्यात ऊन होतं, खालच्या तीन पायऱ्यांवर नव्हतं. साडेचार वाजले होते. मी हळूच दार ओढून घेतलं आणि पायऱ्या उतरू लागले.